बायकांच्या घराचं दार

मांगेरे, ऑकलंड
४ मार्च २०१२

आदरणीय आत्या,

आधी देवाचे आभार, मग तुमचे, आणि मग आपल्या गावच्या पाद्रीबाई तेमालेती यांचे. त्या इथल्या सभेला आल्या होत्या आणि परवा आपल्या वावाऊ बेटावर परत निघताहेत, म्हणून हे पत्र त्यांच्या पिशवीतून येतंय. सोबत चष्मा आहे. जुन्याला दोरी बांधून तुम्ही चर्चला जाता, असं त्यांनीच सांगितलं. तुम्हाला ईमेलवर या म्हटलं तर ‘जे पत्र उशीखाली ठेवता येत नाही ते पत्र कसलं’ असा निरोप आला. तेव्हा घ्या, हाताने लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नका.

इकडे बाबा बरे आहेत. गुडघे दुखतात, पण शुक्रवारी मंडळींत बसून कावाच्या मुळीचा काढा प्यायला जायचं असलं की दुखत नाहीत.

आता कामाचं. फेआओदादाने आपल्या गावाचा एक गट फेसबुकवर काढलाय. ऑकलंड, सिडनी, अमेरिका, जिथे जिथे आपलं माणूस आहे तिथून सगळे त्यात आले. मला वाटलं, आता काय मजा! पण आत्या, तिथे स्मशानासारखी शांतता आहे. कुणी फुलांचा फोटो टाकतं, बाकीचे ‘आमेन’ लिहितात. कुणी बाळाचा फोटो टाकतं, पुन्हा ‘आमेन’. हीच माणसं! कावा पिताना पुरुष कोंबडा आरवेपर्यंत बडबडतात, आणि बायका स्वयंपाकघरात जमल्या की घड्याळ बंद पडतं. मग गटात आल्यावर सगळ्यांच्या तोंडाला कुलूप का?

मागच्या महिन्यात तर सिडनीच्या एका मुलीने लग्नातल्या नाचाचा व्हिडिओ टाकला आणि खाली नवऱ्यामुलाबद्दल काहीतरी चावट लिहिलं. दुसऱ्या दिवशी कितीतरी माणसं गटातून निघून गेली. भांडण नाही, तंटा नाही, नुसती उठून गेली. दादाही तेव्हापासून तिकडे फिरकत नाही. विचारलं तर म्हणतो, ‘तुला कळत नसेल तर मी काय सांगू?’

मी इथेच वाढले, त्यामुळे मला खरंच कळत नाही. तुम्ही सांगाल?

तुमची भाची,
लुसेआने

०

फांगाहाऊ, वावाऊ
२ एप्रिल २०१२

प्रिय लुसेआने,

परमेश्वराने तुला चांगलं मन दिलं आणि चांगला चष्मा निवडायची बुद्धी दिली, दोन्हीबद्दल त्याचे आभार. आता मला चर्चमध्ये मागच्या बाकावर कोण झोपलंय तेसुद्धा दिसतं.

अग वेडे, यात न कळण्यासारखं काय आहे? तू तुझ्या दादासमोर कधी चावट गोष्ट सांगितली आहेस का? नाही ना? मग कळतंय की तुला. फक्त ठाऊक नाही की तुला कळतंय.

इथे भाऊ घरात बसलेला असला की बहीण दारातूनच मागे फिरते. बहीण आली की भाऊ उठून जातो. थट्टेचा शब्द दोघांच्या कानांवर एकाच वेळी पडायचा नाही. आणि आपल्याकडे चुलत, मावस, आतेभाऊ सगळे भाऊच, म्हणजे निम्मा गाव भाऊ. तुझे वडील आणि मी एकाच थाळीतले कंद खाऊन मोठे झालो, पण ते जरा मोठे झाले तशी त्यांची झोपायची सोय बाहेर मुलांच्या खोपटात झाली. त्यानंतर आम्ही एकमेकांशी जे बोललो ते कामापुरतं आणि मान राखून. लोकांना वाटतं हे भय आहे. भय नाही ग. आपल्याकडे बहीण भावापेक्षा वरची, आणि भाऊ बहिणीचा आधार. एवढी मोठी गोष्ट उघड्यावर ठेवायची नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती हीच.

आणि तुम्ही काय केलंत? त्या फेसबुकवर अख्ख्या गावच्या भावाबहिणींना एकाच चटईवर आणून बसवलंत! आता तोंड कोण उघडणार? ‘आमेन’ तेवढं दोघांसमोर म्हणता येतं, म्हणून बिचारे ‘आमेन’ म्हणतात.

घर बांधणाऱ्याने आधी दारं कुठे ते ठरवावं. तुम्ही भिंतीच विसरलात.

तुझी आत्या,
इलाइसाने

०

मांगेरे
२० मे २०१२

आदरणीय आत्या,

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलंय. तुम्ही लिहिलंत ते मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं, आणि तरी मी जन्मभर तसंच वागत आले. दादा सोफ्यावर बसला की मी ताट घेऊन स्वयंपाकघरात का जाते, ते आता कळलं. मला वाटायचं मी तुसडी आहे!

तर मी ठरवलंय. मी गावाची एक वेबसाइट काढणार. तिला भिंती असतील, दारं असतील. मी ज्या वाचनालयात काम करते तिथे संध्याकाळी शिकवणी असते, तिथे शिकतेय. आमचे मास्तर पहिल्या दिवशी म्हणाले, ‘आता वेबसाइट कोण काढतं? सगळे लोक फेसबुकवर आहेत, तुम्हीही तिकडेच जा.’ मी म्हटलं, सगळे तिकडे आहेत हीच तर अडचण आहे. त्यांना काही उमजलं नाही, पण शिकवतात मनापासून.

घरात तर थट्टाच चाललीय. दादा दाराबाहेर उभा राहून आईला मोठ्याने सांगतो, म्हणजे मला ऐकू जावं, ‘जग निघालंय विमानाने आणि आमच्या घरात होडी कोरणं चाललंय.’ आई म्हणते, ‘होडीने निदान आपल्या किनाऱ्याला तरी लागता येतं.’ आणि परवा मी काम करत होते तर बाबांनी माझ्या शेजारी चहा आणून ठेवला.

तुमच्या परवानगीशिवाय मी एक वीटही लावणार नाही. आणि भावाच्या लेकरांची नावं आत्याने ठेवायची असतात. माझं तुम्ही ठेवलंत, दादाचं तुम्ही ठेवलंत. या तिसऱ्याचंही ठेवा.

तुमची,
लुसेआने

०

फांगाहाऊ
१७ जून २०१२

प्रिय लुसेआने,

नाव फालेतोलू. तीन घरं. हे बाळ रडकं निघालं तर मला दोष देऊ नकोस.

पुढचं घर सगळ्यांचं. तिथे चर्चमधली स्तोत्रं, कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाची होडी आली. तिथे पाद्रीबाबा आणि माझ्या भावाने यावं, मी यावं, कुणालाही मान खाली घालावी लागू नये. डावीकडे पुरुषांचं. त्यात ते काय बोलतील ते ऐकण्यासारखं असेल असं मला वाटत नाही, पण असो, त्यांनाही घर हवंच. आणि मागच्या अंगाला बायकांचं, दार पक्कं लावून. त्याची किल्ली प्रत्येकीला तोंडी द्यायची, कुठे लिहून ठेवायची नाही.

आता माझा स्वार्थ सांगते. चर्चच्या नव्या इमारतीसाठी आम्ही टापाचं कापड करायला घेतलंय. पाद्रीबाबांना दारापासून रस्त्यापर्यंत पोचेल एवढा लांब हवा. त्यांना मागायला काय जातं! झाडाची साल सोलून, भिजवून, लाकडाच्या ठोकण्याने ठोकून ठोकून रुंद करायची आणि एकीला एक चिकटवत न्यायची. पूर्वी या कामाला अख्खी ओसरी भरून बायका असायच्या. आता सगळ्या तुमच्याकडे म्हाताऱ्यांची सेवा करायला नाहीतर फळं तोडायला गेल्या. आम्ही सहाजणी उरलो. ठोकायला सहाजणी पुरतील एकवेळ, पण सहाजणींच्या गप्पा लवकर संपतात, आणि गप्पा संपल्या की हात दुखायला लागतात. मला काळजी आहे की हा टापा आमच्या हातून पुरा होणार नाही, आणि यापुढे गावात कुणी दुसरा घालणारही नाही.

तेमालेतीकडे फोन आहे. आम्ही काम करताना ती आमचं बोलणं त्यात आवाजासकट टिपून घेईल, शनिवारी नेइआफूला बाजाराला गेली की तिथून तुझ्याकडे पाठवेल. तुमच्याकडच्या बायकांनी ऐकून उत्तरं लिहावीत. ती छापून आणेल आणि सोमवारी कामावर वाचून दाखवेल. म्हणजे बसायला सहाजणी, बोलायला साठ.

तुझी आत्या

०

मांगेरे
९ सप्टेंबर २०१२

आदरणीय आत्या,

आभार, आभार, आभार! तुमचं बाळ रडकं नाही, भलतंच बोलकं निघालंय.

बायकांच्या घरात रोज कुणी ना कुणी असतं. तुमच्या ठोकण्यांचा तो ठक ठक आवाज सुरू झाला की मला वाटतं माझंच घर हलतंय. ‘अग जोरात मार, साल आहे ती, नवरा नव्हे!’ हे कोण ओरडलं? सिडनीच्या पिसिलाने ओळखलं म्हणे, पण नाव सांगत नाही. पिसिला तिथल्या वृद्धाश्रमात काम करते. तिने लिहिलंय: ‘मी इथे रोज परक्यांच्या आयांना न्हाऊ घालते. बसमध्ये फालेतोलू ऐकते आणि कामावर पोचेपर्यंत माझ्या बायकांमध्ये बसलेली असते. ज्या पोरीने हे केलं तिचं देव भलं करो.’ मी ते वाचून वाचनालयात पुस्तकांच्या मागे जाऊन रडले. तो आशीर्वाद माझा नाही आत्या, तुमचा आहे. घराचा आराखडा तुमचा.

पुरुषांच्या घरात काय चाललंय मला ठाऊक नाही. मी बांधून दिलं आणि किल्ली दादाकडे दिली. तो आता होडीवरून टोमणे मारत नाही. उलट परवा आईजवळ निरोप ठेवला, ‘तिला सांग, आमच्या घरात फोटो मोठे दिसत नाहीत.’ बघा, फुकटचं घर आणि वर तक्रार!

आणि बाबा. दर रविवारी चर्चमधून आल्यावर ते पुढच्या घरातलं तुमच्या गावच्या गायनाचं स्तोत्र ऐकतात. कपडे बदलत नाहीत. चर्चला जाताना मानाने कमरेला गुंडाळतात ती चटई तशीच बांधलेली, ताठ बसून, मान खाली घालून, जणू देवळातच आहेत. तुमचा वरचा सूर आला की हाताने खूण करतात, आवाज थोडा वाढव. संपलं की म्हणतात, ‘बरं आहे.’ आणि जेवायला येतात. तेवढंच. पण रविवारच्या आधी शनिवारीच विचारतात, नवीन आलं का?

तुमची,
लुसेआने

०

फांगाहाऊ
१४ ऑक्टोबर २०१२

प्रिय लुसेआने,

तुझे वडील काय ऐकतात, कसे ऐकतात, ते मला लिहिण्याची गरज नव्हती. पण लिहिलंस ते बरं केलंस. मागच्या रविवारी मी वरच्या सुरात जरा जास्तच जोर लावला. पाद्रीबाबा म्हणाले, ‘इलाइसाने, देव जवळच आहे.’ मी म्हटलं, देव जवळ आहे, पण ऑकलंड लांब आहे.

आमची ओसरी आता भरलेली असते. तेमालेती तुमची उत्तरं वाचते आणि काम थांबतं, कारण हातांनी पोट धरावं लागतं. पिसिलाला सांग, तिने तिच्या माजी सासूबद्दल लिहिलं ते आम्ही दोनदा वाचून घेतलं. गावातल्या ज्या दोघी ‘वेळ नाही’ म्हणायच्या त्याही येऊन बसायला लागल्या. आणि पोरी येतात, शाळा सुटल्यावर. ऐकायला येतात खऱ्या, पण रिकाम्या हातांनी कोण बसू देतंय! टापा निम्म्याच्या पुढे गेलाय.

मला नवऱ्यामागे इतकी वर्षं झाली. आता दिवस मोजत बसायचं, असं मी धरून चालले होते. माझ्या भाचीने मला या वयात साठ मैत्रिणी आणून दिल्या. तोंडावर कौतुक करायची आपली रीत नाही, पण हे पत्र आहे, तोंड नाही. तुझे उपकार आहेत, पोरी.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी माझी एक गोष्ट येईल, ती एकटी असताना ऐक. मी माझ्या लग्नाच्या पहिल्या रात्रीची गोष्ट सांगणार आहे. ती इथे लिहिणार नाही. कागदालाही लाज असते.

तुझी आत्या

०

मांगेरे
१९ नोव्हेंबर २०१२

आत्या,

हे कसं लिहू कळत नाही. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

मी पुढच्या घराच्या पानावर, अगदी वर, एक नवी चौकट केली होती. ‘नवीन काय आलं.’ लोकांना शोधावं लागू नये म्हणून. ती चौकट तिन्ही घरांतलं नवीन उचलून दाखवते, हे माझ्या लक्षात आलं नाही. दार लावलेलं होतं आत्या, पक्कं लावलेलं होतं. मी भिंतीत खिडकी पाडून ठेवली.

काल रविवारी बाबा स्तोत्र ऐकायला बसले. मी, आई तिथेच. दादाही आला होता, तो दारापाशी उभा होता. बाबांनी आपणच सगळ्यात वरचं दाबलं. ठक ठक सुरू झालं. त्यांना वाटलं असेल, स्तोत्राआधी काहीतरी आहे. मग तुमचा आवाज. मग ती गोष्ट. मी धावले, पण घाईत बंद करायचं सोडून मी आवाजच वाढवला. दादा मागच्या दाराने गेला. बाबा पुढच्या दाराने गेले. आईने येऊन बंद केलं.

बाबा अंधार पडेपर्यंत बागेत केळीजवळ बसून होते. जेवले नाहीत. आज कामाला गेले, पण माझ्याशी बोलले नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही.

चौकट काढून टाकली आहे. क्षमा करा.

लुसेआने

०

मांगेरे
२० जानेवारी २०१३

आदरणीय आत्या,

नाताळ गेला, नवं वर्ष आलं, तुमचं पत्र नाही. तेमालेतीबाईंकडूनही शनिवारी काही येत नाही. स्तोत्रही नाही. बायकांच्या घरात सगळ्या एकमेकींना विचारताहेत, ‘ठक ठक कुठे गेलं?’

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात, तशी मी आता सगळी दारं रोज तपासते. पण तपासून काय करू? आत कुणी नाही. वेबसाइट बंद करावी असं मनात येतं. मास्तरांचं खरं होतं, दादाचंही. मी तुमची आणि बाबांची आयुष्यभर जपलेली गोष्ट चव्हाट्यावर आणली. तुम्ही मला रागावून चार ओळी लिहिल्यात तरी मी आभार मानेन.

बाबा रविवारी कमरेची चटई बांधून त्याच खुर्चीवर बसतात. काही लावत नाहीत. नुसते बसतात.

लुसेआने

०

फांगाहाऊ
११ फेब्रुवारी २०१३

लुसेआने,

माझा राग तुझ्यावर नाही. घर बांधताना सुतार एकदा तरी आपल्याच बोटावर हातोडी मारतो.

पण मला आता बोलवत नाही. ओसरीत जाऊन बसते, ठोकणं हातात घेते आणि आवाज निघत नाही. मी गप्प म्हणून बाकीच्या गप्प. मग एकेक करून काम सांगून उठून जातात. पोरी येईनाशा झाल्या. टापा गुंडाळून तुळईवर ठेवलाय.

तुझे वडील दर नव्या वर्षाच्या प्रार्थनेच्या आठवड्यात पाद्रीबाबांना फोन करतात आणि ‘माझ्या बहिणीसाठी प्रार्थना करा’ म्हणून सांगतात. ते तिकडे राहायला गेल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. पाद्रीबाबा चर्चमध्ये ते वाचतात आणि मी खाली मान घालून ऐकते. त्या दिवशी माझ्याइतकी श्रीमंत बाई गावात नसते. यंदा फोन आला नाही.

मी समजायचं ते समजले. एवढ्या वर्षांचा मान एका रविवारी गेला. वेबसाइट बंद करायची की नाही ते तू ठरव. माझं काही म्हणणं नाही.

आत्या

०

मांगेरे
१० मार्च २०१३

ताईंना सादर वंदन.

तुमच्या धाकट्या भावाने तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. जे सांगायचं ते पाद्रीबाबांमार्फत सांगितलं, कारण ती रीत आहे आणि मला ती रीत आवडते. आज रीत मोडतो, माफी असावी. लुसेआनेने तुमचं पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि ती निघून गेली. पोरीने बोलायचं धाडस केलं नाही, पण वाचायला लावलं.

त्या रविवारी तिच्या यंत्रावर काय वाजलं ते मला ठाऊक नाही. माझे कान आता वयामुळे गेले आहेत. शब्द एकही कळला नाही. काही लाकडांचे आवाज होते आणि बायका होत्या, एवढंच. प्रार्थनेच्या आठवड्यात फोन केला नाही, कारण मला वाटलं, फोन केला तर तुम्हाला वाटेल की मी मुद्दाम, काही ऐकलं नाही असं दाखवायला फोन करतोय. आणि न केल्याने तुम्हाला दुसरंच वाटलं. माझी बुद्धी कधीच फार नव्हती, हे तुम्ही जाणताच.

शब्द कळले नाहीत. पण एक बाई हसली. कोण ते मी विचारत नाही, विचारणार नाही. ती हसता हसता थांबली. वाटलं, झालं. मग तिने लांब श्वास आत ओढला आणि पुन्हा सुरुवात केली, पहिल्यापेक्षा जोरात.

ताई, आपली आई अशी हसायची.

आई गेली तेव्हा मी इथे होतो. कागद धड नव्हते. गेलो असतो तर परत येऊ दिलं नसतं, आणि माझ्या पगारावर तिकडे किती तोंडं होती ते तुम्हाला ठाऊक आहे. मी आलो नाही. तुम्ही सगळं केलंत, आणि मला कधी एका शब्दाने विचारलं नाहीत. माझ्याकडे तिचा एक फोटो आहे, त्यात ती पोलिसांसमोर उभी असल्यासारखी गंभीर आहे. तिचा आवाज मी विसरलो होतो. चाळीस वर्षं होत आली, मी कुणाला सांगितलं नाही की मी माझ्या आईचा आवाज विसरलोय.

मी उठून बाहेर गेलो ते लाजेने नव्हे. मला रडायचं होतं आणि पोरांसमोर रडायची सवय नाही. पुढे दिवसचे दिवस लुसेआनेशी बोललो नाही, कारण तोंड उघडलं असतं तर पुन्हा रडू आलं असतं. त्या बाईचे माझ्यावर उपकार आहेत. तिचे आभार कुणामार्फत मानायचे ते मला कळेना, म्हणून तुम्हाला लिहितो. तुमच्या ओळखीची असेल तर तिला सांगावं. देवाचे आभार. घरं बांधणाऱ्या माझ्या पोरीचेही.

टापा अर्धा ठेवू नये.

आपला,
केलेपी

०

फांगाहाऊ
७ एप्रिल २०१३

प्रिय लुसेआने,

परमेश्वराचे आभार, आणि टपाल आणणाऱ्या विमानाचेही.

तुझ्या वडिलांचं पत्र आलं. ते मी तुला दाखवणार नाही, आणि तूही त्यांना विचारू नकोस. एवढंच सांगते की कान गेले म्हणे! लहानपणी नारळ देठापासून सुटायच्या आधी ज्याला ऐकू यायचं आणि जो सगळ्यांना ओढून बाजूला करायचा, त्याचे कान गेले! असं सुंदर खोटं मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. मी ते वाचून चुलीपुढे बसून रडले, मग हसले, आणि हसताना मध्येच थांबले. मीच मला ऐकत होते. हे माझ्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं ग. आपलं हसू आपल्याला कुठे ऐकू येतं?

सोमवारी टापा तुळईवरून उतरवला. तेमालेतीने इतक्या महिन्यांची साचलेली उत्तरं एका दमात वाचली. पिसिलाच्या सासूने पुन्हा लग्न केलं म्हणे! पोरी परत आल्या. पावसाळ्याआधी टापा रस्त्याला लावतो की नाही बघ.

वेबसाइट बंद करायची नाही. हे सांगणं नाही, हुकूम आहे. मी तुझी आत्या, माझा शब्द तुझ्या वडिलांना मोडता येत नाही, मग तू कोण?

दुसरा हुकूम नीट वाच. माझी ती गोष्ट तुझ्याकडे अजून असेल. तिच्यातून शब्द काढ. सगळे काढ, एकही ठेवू नकोस, माझा नाही की दुसऱ्या कुणाचा नाही. फक्त हसू ठेव. मध्ये श्वास घेतलाय तोही ठेव, तो कापू नकोस, तो महत्त्वाचा आहे. आणि ते पुढच्या घरात लाव, सगळ्यांच्या घरात, स्तोत्रांच्या खाली. नाव लिहायचं नाही. कुणी विचारलंच तर सांग, गावातली एक बाई हसतेय.

लावशील त्या रविवारी जेवण जरा उशिरा कर. फेआओला कुठेतरी कामाला पाठव, आईला घेऊन तू शेजारी जा, आणि तुझ्या वडिलांना घरात एकटं बसू दे.

तुझी आत्या,
इलाइसाने